अबीगईलच्या नावाने

१६ डिसेंबर १९४० च्या रात्री ब्रिटनची १३४ विमानं जर्मनीतल्या मानहाइम शहराकडे निघाली. तोवर ब्रिटिश हवाई दल निदान कागदोपत्री तरी कारखाना, गोदी, रेल्वेचं जंक्शन असं नेमकं लक्ष्य ठरवून उडत असे. त्या रात्रीचं लक्ष्य होतं शहराचा मध्यभाग. महिनाभरापूर्वी जर्मनांनी कॉव्हेंट्री जाळलं होतं, त्याची ही परतफेड. बॉम्ब इकडेतिकडे विखुरले, शहरात ३४ माणसं मेली. युद्धमंत्रिमंडळाने मंजुरी दिलेल्या या मोहिमेचं सांकेतिक नाव होतं ‘अबीगईल’.

ही अबीगईल बायबलमधली. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात, पंचविसाव्या अध्यायात तिची गोष्ट येते. दावीद तेव्हा राजा झालेला नव्हता, रानोमाळ फिरणाऱ्या एका टोळीचा म्होरक्या होता. नाबाल नावाच्या धनाढ्याच्या मेंढरांची त्याच्या माणसांनी राखण केली होती. लोकर कातरायच्या हंगामात दाविदाने त्याच्याकडे शिधा मागितला, तर नाबालाने अपमान करून माणसांना रिकाम्या हातांनी परत पाठवलं. दाविदाने चारशे जणांना कमरेला तलवारी बांधायला लावल्या आणि उजाडेपर्यंत नाबालाच्या घरातला एकही पुरुष जिवंत ठेवणार नाही, अशी शपथ घेतली. नाबालाच्या बायकोला, अबीगईलला, हे कळलं. तिने गाढवांवर भाकरी, द्राक्षारस, मांस, मनुका, अंजिराच्या ढेपा लादल्या आणि नवऱ्याला पत्ता लागू न देता डोंगराआडून जाऊन दाविदाला वाटेतच गाठलं. ती त्याच्या पाया पडली. उद्या तू राजा होशील, तेव्हा विनाकारण सांडलेल्या रक्ताची बोचणी तुझ्या मनाला नसावी, असं तिचं सांगणं होतं. दावीद थांबला.

सूडाच्या मोहिमेला सूड अडवणाऱ्या बाईचं नाव दिलं गेलं. त्याच योजनेत इतर शहरांसाठीही ईजबेल, दलीला अशी बायबलमधल्या स्त्रियांचीच नावं होती आणि मानहाइमच्या वाट्याला ‘राहेल’ आलं होतं. नाव ठरवणाऱ्यांना अबीगईलची गोष्ट आठवली असो वा नसो, मला मात्र त्या नावापाशी थांबावंसं वाटतं, कारण मूळ गोष्टही वाटते तितकी सोपी नाही. दावीद परत फिरला, पण दहा दिवसांनी नाबाल मेला. तो देवाने मारला असं शास्त्र सांगतं, आणि ती बातमी ऐकून दाविदाला आनंद होतो. पुढे तो अबीगईलशी लग्नही करतो. म्हणजे सूड टळला नाही, तो फक्त दाविदाच्या हातून देवाच्या हाती गेला. ख्रिस्ती शास्त्रातल्या सूड आणि क्षमेच्या ओढाताणीची मेख या हस्तांतरात आहे, असं मला वाटतं. ब्रिटनच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात ही ओढाताण जितकी उघड्यावर दिसते तितकी क्वचितच कुठे दिसत असेल.

कॉव्हेंट्री हे मध्य इंग्लंडमधलं मोटारी, विमानांची इंजिनं आणि हत्यारं बनवणारं शहर. १४ नोव्हेंबर १९४० च्या संध्याकाळी सुमारे पाचशे जर्मन विमानं आली आणि हल्ला पहाटेपर्यंत, अकराएक तास चालू राहिला. पाचशेहून जास्त माणसं मेली, चार हजारांहून जास्त घरं नष्ट झाली. मध्ययुगात बांधलेल्या सेंट मायकल कॅथेड्रलच्या छतावर जाळपोळ करणारे बॉम्ब पडत होते. कॅथेड्रलचे प्रमुख धर्मगुरू, प्रोव्होस्ट रिचर्ड हॉवर्ड, आणि त्यांच्याबरोबरची तीन माणसं ते एकेक करून वाळूने विझवत होती. वाळू संपली, मग नळाचं पाणीही आटलं. सकाळी उरल्या त्या बाहेरच्या भिंती आणि ९० मीटर उंच मनोरा.

राखेत छताच्या दोन जळक्या तुळया एकमेकींवर आडव्या पडलेल्या जॉक फोर्ब्स या पाथरवटाला दिसल्या. त्याने त्या क्रुसासारख्या बांधून उभ्या केल्या. छतातून गळून पडलेल्या मध्ययुगीन खिळ्यांपैकी तीन घेऊन आर्थर वेल्स या धर्मगुरूंनी एक छोटा क्रूस बनवला. सहा आठवड्यांनी, नाताळच्या दिवशी, बीबीसीने या भग्नावशेषांतून उपासना प्रसारित केली. हॉवर्ड साऱ्या देशाला म्हणाले की कितीही कठीण असलं तरी सूडाचे विचार मनातून घालवण्याचा आम्ही प्रयत्न करतो आहोत. या प्रसारणाच्या नऊच दिवस आधी मानहाइमवर ‘अबीगईल’ पार पडली होती.

हॉवर्डांचं हे बोलणं सगळ्यांना पटलं नाही, पटणं शक्यही नव्हतं. पण १९४१ च्या वसंतात ब्रिटनमध्ये झालेल्या जनमत चाचणीतली एक गोष्ट विचारात पाडते. जर्मनीच्या वस्त्यांवर बॉम्ब टाकून बदला घ्यावा का, या प्रश्नावर सतत मार खाणाऱ्या लंडनमध्ये होकार आणि नकार जवळपास सारखेच होते. बदल्याची सर्वांत मोठी मागणी आली ती उत्तरेतल्या, जिथे बॉम्ब फारसे पडलेच नव्हते अशा ग्रामीण भागातून. ज्यांनी स्वतःच्या गल्लीतून प्रेतं बाहेर काढली होती त्यांना दुसऱ्या गल्लीत प्रेतं पडावीत असं वाटत नव्हतं, असा सरसकट निष्कर्ष मी काढणार नाही. मात्र सूडाची हाक सर्वांत मोठ्याने जखमी माणूसच देतो, ही आपली समजूत तरी या आकड्यांपुढे टिकत नाही.

१९४८ मध्ये हॉवर्डांनी वेदीमागच्या भिंतीवर दोनच शब्द कोरून घेतले. क्रुसावरच्या येशूची पित्याकडे केलेली क्षमेची विनवणी लूकच्या शुभवर्तमानात आहे. तिथे ती ‘त्यांच्यासाठी’ आहे, खिळे ठोकणाऱ्यांसाठी. हॉवर्डांनी ‘त्यांना’ हा शब्द गाळला. क्षमेची गरज सगळ्यांनाच आहे, असा त्यांचा अर्थ. तीन वर्षांपूर्वीच जर्मनीतलं ड्रेस्डेन शहर जळलं होतं, तिथे पंचवीस हजारांपर्यंत माणसं मेली होती, आणि ती जाळणारी विमानं याच देशातून उडाली होती. त्यामुळे भिंतीवरचा तो गाळलेला शब्द नुसती अध्यात्माची गोष्ट राहत नाही.

त्याच युद्धात बायबलची दुसरी भाषाही बोलली जात होती. १९४२ मध्ये बॉम्बर कमांडचे प्रमुख आर्थर हॅरिस चित्रपटगृहांतल्या बातमीपटात जर्मनांना उद्देशून बोलले. वारा पेरणारे आता वावटळीची कापणी करतील, हा होशेय संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायातला दाखला त्यांनी दिला. जुलै १९४३ मध्ये हँबर्गवर आगीचं वादळ उठवणाऱ्या मोहिमेचं नाव होतं ‘गमोरा’, देवाने अग्नी आणि गंधकाने नष्ट केलेलं शहर. तिथे तीस हजारांहून खूप जास्त माणसं गेली. १९९२ मध्ये हॅरिसचा पुतळा लंडनमध्ये उभारला गेला, तोही एका चर्चसमोर, हवाई दलाच्या सेंट क्लेमेंट डेन्ससमोर. ते चर्च स्वतः १९४१ मध्ये जर्मन बॉम्बनी जळलं होतं. बॉम्बर कमांडचे ५५ हजारांहून जास्त तरुण वैमानिक आणि सैनिक मारले गेले. त्यांच्या आप्तांना तो पुतळा का हवा होता, हे समजू शकतं. आणि पुतळ्यावर लाल रंग का ओतला गेला, हेही.

होशेयचा दाखला हॅरिसने ओढूनताणून आणला नव्हता. तो शास्त्रात आहेच. बायबलवर प्रेम करणाऱ्यांना जुना करार म्हणजे सूड आणि नवा करार म्हणजे क्षमा अशी सोपी वाटणी करायला आवडतं, पण ती खरी नाही. डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात हा निर्गमातला नियम आज क्रूर वाटतो. त्याआधीचं माप मात्र उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात आहे. तिथे लामेख आपल्या बायकांपुढे बढाई मारतो की मला नुसती जखम करणाऱ्या तरुणाला मी मारलं, माझा सूड सत्त्याहत्तर पटींनी घेतला जाईल. त्या पार्श्वभूमीवर एका दाताबद्दल एकच दात हा सूडाला घातलेला बांध होता. येशू जेव्हा पेत्राला सांगतो की भावाला सात वेळाच नव्हे तर कितीतरी पट जास्त वेळा क्षमा कर, तेव्हा मत्तयाच्या ग्रीक मजकुरात लामेखाचाच आकडा ऐकू येतो. सूडाचं जुनं माप क्षमेसाठी वापरलेलं आहे.

उलट, शत्रू उपाशी असेल तर त्याला जेवू घाला, हा उपदेश मुळात जुन्या करारातल्या नीतिसूत्रांचा. पौलाने तो रोमकरांना लिहिलेल्या पत्रात उचलला, आणि त्याच्या आधीच्याच ओळीत ‘अनुवाद’ या पुस्तकातला आधार दिला की सूड घेणं देवाचं काम आहे, तुमचं नाही. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवणारा पौलच. शेजार असाच इतरत्रही आहे. निनवे शहराच्या नाशावर नहूम जल्लोष करतो, तर त्याच निनवेला देवाने क्षमा केली म्हणून योना रुसून बसतो. ही दोन्ही पुस्तकं एकाच ग्रंथात बांधणाऱ्यांना हा विरोध दिसला नसेल असं मी मानत नाही. त्यांनी तो ठेवला.

सर्वांत अवघड जागा आहेत त्या स्तोत्रांमध्ये. १३७ वं स्तोत्र बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्या बंदिवानांचं आहे. सुरुवात इतकी करुण की जगभरात त्यावर गाणी झाली. शेवटी मात्र बाबेलची तान्ही मुलं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलेलं आहे. ५८ व्या स्तोत्रात नीतिमान माणूस दुष्टांच्या रक्तात पाय धुतो. १०९ वं तर शत्रूच्या बायकोला वैधव्य आणि मुलांना भीक मागायची वेळ यावी असा शापच आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाने दीडशेही स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ वाटून दिली आहेत. त्यामुळे दर महिन्याच्या २२ तारखेला संध्याकाळी १०९ वं आणि २८ तारखेला १३७ वं यायचंच. कॅथेड्रलमधली लहान मुलं गोड सुरात हे शाप गात, आणि कित्येक कॅथेड्रलमध्ये अजून गातात.

अस्वस्थता जुनी आहे. मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी १७८४ मध्ये अमेरिकेतल्या अनुयायांसाठी प्रार्थनापुस्तक तयार केलं, तेव्हा ख्रिस्ती मंडळीच्या तोंडी शोभत नाहीत म्हणून अनेक स्तोत्रं आणि ओळी सरळ काढून टाकल्या. चर्च ऑफ इंग्लंडने १९२० च्या दशकात नवं प्रार्थनापुस्तक आखलं. त्यात ५८ वं स्तोत्र पूर्ण आणि इतर काही स्तोत्रांच्या कडव्या ओळी कंसात टाकून त्या वगळायची मुभा दिली. ते पुस्तक संसदेने १९२७ आणि १९२८ असं दोनदा फेटाळलं, पण वेगळ्याच कारणांवरून. कंसांची प्रथा टिकली. व्हॅटिकनच्या दैनिक प्रार्थनेतूनही ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं वगळली गेली.

कंस घालणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. तरीही मला तो चुकीचा वाटतो, आणि त्याचं कारण या ओळी कोण म्हणतंय यात आहे. बाबेलच्या नदीकाठचा बंदिवान कोणाचंही मूल आपटू शकत नाही. त्याच्याकडे तलवार नाही, घर नाही, शहर जळलेलं आहे. संताप आहे आणि तो ऐकणारा देव आहे, इतकंच. त्याचा आक्रोश प्रार्थना आहे, कारण शत्रूला शिक्षा करणं त्याने दुसऱ्याच्या हाती सोपवलंय. तेच शब्द ज्याच्या हुकमावर हजार विमानं उडतात त्याच्या तोंडी गेले की प्रार्थना संपते आणि आदेश सुरू होतो. वगळायचंच असेल तर बलवानाने वगळावं. जखमी माणसाच्या तोंडून ते काढून घेणं म्हणजे त्याला न रडता क्षमा करायला सांगणं.

पंडिता रमाबाईंची इथे आठवण येते. त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथल्या सेंट मेरीच्या भगिनींकडे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लंडनच्या फुलहॅम भागात या भगिनी ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी काम करत. ते पाहून रमाबाईंनी त्यामागचं कारण विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. यहुदी आणि शोमरोनी यांचं पिढीजात वैर होतं, आणि येशू त्या वैरी जातीच्या बाईकडे पाणी मागतो. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये मृत्यूपर्यंत त्या त्याच कामात होत्या. इंग्लंडचं चर्च पुस्तकात कंस घालत होतं त्या सुमारास केडगावात एक बाई शापाची स्तोत्रं आणि क्षमेची वचनं सारख्याच निष्ठेने मराठीत लिहून काढून गेली होती.

शापाच्या स्तोत्रांवर माझ्या मते सर्वांत धीट विचार डीट्रिख बॉन्होफरने केला. हा जर्मन धर्मगुरू १९३३ ते १९३५ लंडनच्या सिडनहॅम भागात जर्मन मंडळीची सेवा करत होता. जर्मनीत परतल्यावर, ११ जुलै १९३७ ला, नाझींनी पाद्र्यांची धरपकड चालवलेली असताना त्याने ५८ व्या स्तोत्रावरच प्रवचन दिलं. त्याचा रोख असा की ही प्रार्थना आपल्या तोंडी शोभत नाही, कारण आपण स्वतः निष्पाप नाही. ती म्हणण्याचा अधिकार फक्त निरपराध ख्रिस्ताचा, आणि देवाचा तो सूड क्रुसावर त्याच्याच अंगावर पडला. जो देवाकडे सूड सोपवतो त्याने स्वतःचा हात मागे घेतलेला असतो. हाच बॉन्होफर नंतर हिटलरला उलथून टाकायच्या कटात सामील झाला आणि ९ एप्रिल १९४५ ला फासावर गेला. क्षमेवर इतकं लिहिलेल्या माणसाला हे कसं पेललं, याचं सरळ उत्तर त्याच्या लिखाणातही मिळत नाही.

फाशीपूर्वी त्याने निरोप पाठवला तो इंग्लंडमधल्या मित्राला, चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांना. बेल शांततावादी नव्हते. हिटलरशी लढलंच पाहिजे असं त्यांचं मत होतं. ९ फेब्रुवारी १९४४ ला, लंडनवर पुन्हा बॉम्ब पडत असताना, त्यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये उभं राहून सरसकट शहरं जाळण्याला विरोध केला. जर्मनी आणि हिटलर एक नाहीत, असं ते बजावत होते. नाझींच्या विरोधातली माणसं त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. १९४२ मध्ये स्वीडनमध्ये बॉन्होफर त्यांना भेटला होता आणि कटाची माहिती त्यांनी परराष्ट्रमंत्री ईडन यांच्यापर्यंत नेली होती. सरकारने कानाडोळा केला. त्या भाषणामुळे बेल यांचं कँटरबरीचं आर्चबिशपपद हुकलं, असं अनेकांना वाटतं. शत्रूवर प्रेम करणं त्यांच्या हिशेबी मवाळपणा नव्हता. शत्रूला नावानिशी ओळखणं, गुन्हेगार आणि गर्दी यांत फरक करणं, हे ते काम होतं.

या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या ओळीकडे आता वळतो. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ‘कोडेक्स सिनाइटिकस’ आहे, चौथ्या शतकातलं कातड्यावर लिहिलेलं ग्रीक बायबल. १९३३ मध्ये ब्रिटनने ते सोव्हिएत सरकारकडून एक लाख पौंडांना घेतलं, निम्म्याहून जास्त पैसे लोकांच्या वर्गणीतून आले. त्यात लूकच्या तेविसाव्या अध्यायात क्रुसावरची क्षमेची विनवणी मूळ नकलाकाराने लिहिलेली आहे. मजकूर दुरुस्त करणाऱ्या नंतरच्या एकाने ती वगळावी अशी खूण केली. त्यानंतरच्या दुसऱ्याने ती खूण रद्द करून ओळ परत घेतली. इतरही काही फार जुन्या हस्तलिखितांत ती नाहीच. काही अभ्यासक म्हणतात ती मागाहून आली. काही म्हणतात की इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेम उद्ध्वस्त केल्यावर नकलाकारांना वाटलं, देवाने यहुद्यांना क्षमा केलेलीच दिसत नाही, मग ही ओळ कशी ठेवावी? दुसरं मत खरं असेल तर क्षमेची ओळ खोडावीशी वाटणारे हात चर्चच्या आतलेच होते. कॉव्हेंट्रीच्या भिंतीवर कोरली गेली ती ही, वाद सोसून आलेली ओळ.

कॉव्हेंट्रीने पुढे काय केलं ते थोडक्यात सांगायचं तर बेसिल स्पेन्स यांनी आखलेलं नवं कॅथेड्रल २५ मे १९६२ ला अर्पण झालं, जुने भग्नावशेष तसेच ठेवून. त्या आठवड्यात संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांचं ‘वॉर रिक्विएम’ तिथे प्रथम झालं. इंग्रज पीटर पिअर्स आणि जर्मन फिशर-डीस्काउ एकत्र गायले, रशियन गायिकेला तिच्या सरकारने येऊ दिलं नाही. १९६५ मध्ये कॉव्हेंट्रीहून तरुण मुलं ड्रेस्डेनला जाऊन एका रुग्णालयाच्या उभारणीत राबली. ड्रेस्डेनच्या फ्राउएनकिर्खेवर २००४ मध्ये चढलेला सोनेरी क्रूस घडवला तो लंडनच्या अॅलन स्मिथ यांनी. त्यांचे वडील त्या शहरावर बॉम्ब टाकणाऱ्या वैमानिकांपैकी एक होते.

राष्ट्रांची क्षमा अशी समारंभांतून, वर्षानुवर्षांनी होते. एकट्या माणसाचं वेगळं असतं. ८ नोव्हेंबर १९८७ ला उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलन गावात युद्धस्मारकाजवळ आयआरएचा बॉम्ब फुटला आणि अकरा जण मेले. गॉर्डन विल्सन हे कापडदुकानदार आणि त्यांची वीस वर्षांची मुलगी ढिगाऱ्याखाली एकमेकांचा हात धरून अडकले होते. मुलगी वाचली नाही. त्याच दिवशी बीबीसीला विल्सन म्हणाले की माझ्या मनात कोणाबद्दल वैर नाही, त्या माणसांसाठी मी आज आणि रोज रात्री प्रार्थना करीन. जगभरात हे शब्द गेले. १९९३ मध्ये विल्सन स्वतः आयआरएच्या लोकांना भेटून हिंसा थांबवा म्हणाले आणि निराश होऊन परतले. पण एनिस्किलनमधल्या दुसऱ्या घरांचं काय? त्या हत्याकांडासाठी कोणालाही शिक्षा झालेली नाही. ज्यांना विल्सनसारखं बोलता आलं नाही त्यांचं दुःख त्या एका मुलाखतीच्या उजेडात झाकलं गेलं, ही तक्रार रास्त आहे. विल्सन यांनी फक्त स्वतःच्या वतीने क्षमा केली होती. ती सगळ्या गावाकडून अपेक्षित धरली ती बाहेरच्यांनी.

ज्ञानदेवांच्या पसायदानात दुष्टांचा नाश नव्हे, त्यांचं दुष्टपण गळावं हे मागणं आहे, आणि आपल्यालाही ते मागणं शाळेपासून पाठ असतं. शेजारच्या घरी जिच्या मुलाचा खून झालाय त्या आईला ते म्हणायला लावण्याचं धाडस आपण करू का?

ज्युली निकल्सन ब्रिस्टलच्या एका चर्चच्या धर्मगुरू होत्या. ७ जुलै २००५ च्या लंडनमधल्या बॉम्बस्फोटांत ५२ जणांचा बळी गेला, त्यात त्यांची चोवीस वर्षांची मुलगी होती. मार्च २००६ मध्ये त्यांनी पद सोडलं. वेदीपुढे उभं राहून मंडळीला शांती आणि क्षमेचे शब्द देणं, प्रभुभोजन वाढणं त्यांना शक्य नव्हतं, कारण मुलीला मारणाऱ्याला त्या क्षमा करू शकत नव्हत्या. त्यांनी ते लपवलं नाही. वेदीवर खोटं बोलण्यापेक्षा वेदीवरून उतरणं त्यांनी पत्करलं, आणि या निर्णयात मला शास्त्राबद्दलचा मोठा आदर दिसतो.

त्यांच्यासारख्यांना बायबलमध्ये जागा आहे, आणि ती नव्या करारातच. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात श्रद्धेसाठी मारले गेलेले आत्मे वेदीखालून देवाला विचारतात, आमच्या रक्ताचा सूड तू कधी घेणार, किती काळ? हे हुतात्मे आहेत, स्वर्गात आहेत, तरी विचारतात. त्यांना कोणी रागावत नाही, क्षमेचं वचन ऐकवत नाही. त्यांना पांढरे झगे दिले जातात आणि आणखी थोडा वेळ थांबा, असं सांगितलं जातं. निकल्सन यांनी ज्या वेदीपाशी उभं राहायचं नाकारलं, तिच्याखाली हा प्रश्न विचारणारे त्यांच्या कितीतरी आधीपासून होते.